व्हिडिओ कन्व्हर्ट करताना कोडेक आणि फिल्टर एकमेकांना नडतात तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. घरच्या कॅसेटी डिजिटल करणारे, लग्नाचं शूटिंग करणारे, मोबाइलवरचे व्हिडिओ टीव्हीवर पाहू इच्छिणारे, सगळ्यांच्या तक्रारी शेवटी त्याच पाच-सहा कारणांपाशी येऊन थांबतात. माझं ठाम मत सुरुवातीलाच सांगतो: कन्व्हर्जन बिघडतं तेव्हा कॉम्प्युटरवर कोडेक कमी पडलाय असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा एकाच कामाला तीन-तीन कोडेक हजर असतात आणि चुकीचा पुढे येतो.

कोडेक, कंटेनर आणि फिल्टर यांत फरक काय?

फाइलच्या नावामागचं एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही म्हणजे कंटेनर. आतला व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून बसवलाय, ते कोडेक ठरवतो. एच.२६४, एच.२६५, एमपेग-२ हे व्हिडिओचे, तर एएसी, एसी-३, एमपी३ हे आवाजाचे. म्हणून दोन एमपी४ फायलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही यात नवल नाही. आतला माल वेगळा असतो.

फिल्टर हा शब्द मात्र दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून बराच गोंधळ होतो. विंडोजच्या डायरेक्टशो या जुन्या व्यवस्थेत फाइल उघडणारा, व्हिडिओ-आवाज वेगळे करणारा, डीकोड करणारा (म्हणजे दाबून बसवलेलं उलगडणारा), पडद्यावर दाखवणारा असा प्रत्येक टप्पा म्हणजे एक फिल्टर. कन्व्हर्टरच्या मेनूत दिसणारे फिल्टर वेगळे. ते चित्रावर काम करतात: आकार बदलणं, कडा कापणं, डीइंटरलेस करणं (जुन्या चित्रातल्या दातेरी रेषा काढणं), खरखर कमी करणं. पहिल्या प्रकारच्या भांडणात फाइल उघडतच नाही किंवा विचित्र उघडते. दुसऱ्या प्रकारात फाइल तयार होते, पण चित्र खराब येतं.

फाइल व्हीएलसीमध्ये उत्तम चालते. मग कन्व्हर्टर "कोडेक सापडला नाही" का म्हणतो?

व्हीएलसी हा प्लेअर स्वतःचे डीकोडर स्वतःबरोबर घेऊन येतो. विंडोजमध्ये काय टाकलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तुमचा कन्व्हर्टर मात्र विंडोजकडे हात पसरणारा असू शकतो.

यात साधारण तीन घराणी आहेत. सर्वांत जुनं व्हिडिओ फॉर विंडोज, १९९२ सालचं, एव्हीआयभोवती बांधलेलं. मूळ व्हर्च्युअलडब याच घराण्यातलं. दुसरं डायरेक्टशो. तिसरं मीडिया फाउंडेशन, ज्यावर विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने भर दिला. या तिघांची कोडेकची यादी वेगवेगळी असते. एकीत टाकलेला कोडेक दुसरीला दिसेलच असं नाही.

आणि या तिघांच्या बाहेर आहे एफएफएमपेग. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला, व्हिडिओ-आवाज उलगडण्याचा आणि बदलण्याचा हा प्रकल्प आज बहुतेक मोफत कन्व्हर्टरच्या पोटात असतो. हँडब्रेक, शटर एन्कोडर, अ‍ॅव्हिडेमक्स हे त्याच्याच लायब्ररींवर चालतात आणि विंडोजमधल्या कोडेकना विचारत नाहीत. जुना कन्व्हर्टर अडत असेल, तर तीच फाइल एकदा हँडब्रेकमध्ये उघडून पाहा. उघडली तर फाइल शाबूत आहे आणि दोष विंडोजमधल्या फिल्टरांचा आहे, एवढं दोन मिनिटांत कळतं.

मग एखादा मोठा कोडेक पॅक टाकला तर सगळं सुटेल ना?

नाही. हा सल्ला इतक्या सर्रास दिला जातो की त्याविरुद्ध सविस्तर लिहायलाच हवं.

डायरेक्टशोमध्ये प्रत्येक फिल्टर स्वतःचा एक मेरिट आकडा घेऊन रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) बसतो. फाइल उघडायची वेळ आली की विंडोज ज्याचं मेरिट जास्त त्याला आधी विचारते. "हे काम मला जमतं" असं तो म्हणाला की जोडणी झाली. काम खरंच चांगलं जमतं का, हे कोणी तपासत नाही. त्यामुळे प्रत्येक पॅक आपल्या फिल्टरांना भरपूर मेरिट देऊन टाकतो. एक पॅक २०१० च्या सुमाराचा, दुसरा नवा, शिवाय डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेला तिसरा डीकोडर: तिघेही एच.२६४ वर हक्क सांगतात. वरचढ कोण ठरेल हे इन्स्टॉल करण्याच्या क्रमावरही अवलंबून असतं. म्हणूनच "कालपर्यंत चालत होतं, आज बंद पडलं" ही तक्रार इतक्यांदा येते; मधल्या काळात नवं काहीतरी टाकलेलं असतं.

दुसरा धोका अनइन्स्टॉल करताना. काही जुने पॅक स्वतःची फाइल काढतात, पण रजिस्ट्रीतली नोंद तशीच सोडतात. मग विंडोज नसलेल्या फिल्टरला हाक मारते आणि कन्व्हर्टर उघडताच बंद पडतो.

ज्यांना डायरेक्टशोवर चालणारा प्लेअर किंवा जुनं सॉफ्टवेअर वापरणं भागच आहे, त्यांनी फक्त लाव्ह फिल्टर्स टाकावेत. तेही एफएफएमपेगवरच उभे आहेत, एकाच संचात स्प्लिटर (व्हिडिओ-आवाज वेगळे करणारा), व्हिडिओ आणि ऑडिओ डीकोडर येतो. एफएफडीशो हे डीकोडर-फिल्टरांचं सॉफ्टवेअर एकेकाळी फार कामाचं होतं, पण त्याचा विकास थांबून अनेक वर्षं झाली. हाली स्प्लिटर आणि एसी३फिल्टर हेही त्याच काळातले. आजच्या कॉम्प्युटरवर ते ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

नेमका कोणता फिल्टर मध्ये आलाय हे कसं शोधायचं?

ग्राफस्टुडिओनेक्स्ट नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल मेनूतून "रेंडर मीडिया फाइल" निवडा आणि अडणारी फाइल द्या. पडद्यावर चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण येतात. डावीकडे फाइल उघडणारा, मग स्प्लिटर, मग वर व्हिडिओचा डीकोडर आणि खाली आवाजाचा, शेवटी उजवीकडे रेंडरर, म्हणजे पडद्यावर दाखवणारा.

आता चौकोनांवरची नावं वाचा. सरळ साखळी असेल तर डावीकडे "लाव्ह स्प्लिटर सोर्स", मध्ये "लाव्ह व्हिडिओ डीकोडर" आणि "लाव्ह ऑडिओ डीकोडर", बस. बिघडलेल्या कॉम्प्युटरवर मात्र डीकोडरनंतर "एफएफडीशो रॉ व्हिडिओ फिल्टर", त्यानंतर सबटायटल दाखवणारा "डायरेक्टव्हॉबसब", मग रंग बदलणारा आणखी एखादा चौकोन अशी लांबलचक रांग दिसते. यातलं काहीही तुम्ही मागितलेलं नसतं. संशयित चौकोन निवडून डिलीट करा, उरलेली दोन टोकं माउसने ओढून जोडा आणि प्ले करा. चित्र सुधारलं, तर अपराधी सापडला.

एक महत्त्वाची खबरदारी: ग्राफस्टुडिओनेक्स्टची ३२ बिट आणि ६४ बिट अशी दोन रूपं आहेत. तुमचा कन्व्हर्टर ज्या जातीचा, त्याच जातीचं वापरा. नाहीतर दिसेल ती साखळी भलत्याचीच असेल.

३२ बिट आणि ६४ बिटचा नेमका काय संबंध?

३२ बिट सॉफ्टवेअर फक्त ३२ बिट फिल्टर वापरू शकतं, ६४ बिट फक्त ६४ बिट. मधला मार्ग नाही. जुने कन्व्हर्टर बहुतेक ३२ बिट असतात. तुम्ही ६४ बिट कोडेक टाकला, प्लेअरमध्ये फाइल चालू लागली, कन्व्हर्टर मात्र ढिम्म. कारण त्याला तो दिसतच नाही. टास्क मॅनेजरच्या डीटेल्स टॅबमध्ये "प्लॅटफॉर्म" हा रकाना चालू केला की प्रत्येक प्रोग्रामची जात कळते.

फोल्डरांची नावं इथे फसवतात. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ फोल्डरात ६४ बिट फायली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिट. हाताने फिल्टर रजिस्टर करणारे नेमके इथेच गोंधळतात.

साफसफाई कोणत्या क्रमाने करावी?

आधी सिस्टम रीस्टोअर पॉइंट तयार करा. मग कंट्रोल पॅनेलमधून सगळे कोडेक पॅक, सुटे स्प्लिटर, सुटे ऑडिओ फिल्टर काढा. एकेक काढा, सगळे एकदम नको. रीस्टार्ट करा. त्यानंतर के-लाइट पॅक बनवणाऱ्यांचंच, पण सुटं मिळणारं कोडेक ट्वीक टूल चालवून मागे राहिलेल्या मोडक्या नोंदी पुसा. आता काहीही नवं न टाकता कन्व्हर्टर चालवून पाहा. इथेच निम्म्याहून अधिक तक्रारी मिटलेल्या मी पाहिल्या आहेत. तरीही गरज उरली तरच लाव्ह फिल्टर्स.

रजिस्ट्री "क्लीन" करून देणारी सर्वसाधारण सॉफ्टवेअर या कामाला वापरू नका. त्यांना मेलेली नोंद आणि जिवंत नोंद यातला फरक नीट कळत नाही.

मेरिट बदललं तरी विंडोज स्वतःचाच डीकोडर वापरते. का?

विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने मेरिटच्याही वर एक पसंतीची यादी ठेवली आहे. त्या यादीत एखाद्या फॉरमॅटसाठी डीकोडर नेमलेला असेल, तर तुम्ही दुसऱ्याला कितीही मेरिट द्या, आधी नंबर यादीवाल्याचाच. ही यादी रजिस्ट्रीत कुलूपबंद असते, हाताने बदलू नका. कोडेक ट्वीक टूलमध्ये पसंतीचे फिल्टर बदलण्याचा पर्याय आहे, तो वापरा.

कन्व्हर्ट केलेल्या व्हिडिओत मी न मागितलेली सबटायटल्स कायमची उमटली. कशी काय?

डायरेक्टव्हॉबसबचा आपोआप चालू होणारा एक प्रकार आहे. व्हिडिओच्या शेजारी त्याच नावाची एसआरटी (सबटायटलची) फाइल दिसली की तो साखळीत शिरतो आणि चित्रावर अक्षरं काढतो. पाहताना ही सोय वाटते. पण डायरेक्टशोवर चालणाऱ्या कन्व्हर्टरला ते चित्र अक्षरांसकटच मिळतं. तात्पुरता उपाय: एसआरटी दुसऱ्या फोल्डरात हलवा. कायमचा उपाय: तो फिल्टर काढा. एफएफडीशोही असाच मध्ये शिरून चित्र तीक्ष्ण करणं, आवाज वाढवणं असे उद्योग करतो. त्याच्या सेटिंगमध्ये "या प्रोग्राममध्ये वापरू नका" अशी यादी आहे, तिथे कन्व्हर्टरचं नाव घालता येतं.

आवाज ओठांच्या मागेपुढे जातो. कोडेक बदलू का?

आधी एक गोष्ट पाहा: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे, की वाढत जातो?

सारखाच असेल तर साधा विलंब आहे. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये ऑडिओ डिले मिलिसेकंदांत देता येतो.

वाढत जात असेल तर फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचा घोळ आहे. २९.९७ फ्रेमचा व्हिडिओ ३० समजून चालवला तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. मोबाइलच्या व्हिडिओत तर फ्रेम रेट स्थिर नसतोच. उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी काढतो. मीडियाइन्फोमध्ये (फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) "फ्रेम रेट मोड" समोर "व्हेरिएबल" दिसलं की समजा. अशी फाइल एव्हीआयवर वाढलेल्या जुन्या सॉफ्टवेअरला दिली की आवाज सरकणारच. हँडब्रेकमध्ये "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून आधी एक मधली प्रत काढा, मग पुढचं काम त्या प्रतीवर करा.

आवाजच येत नाही.

मीडियाइन्फोत ऑडिओ कोडेक पाहा. डीटीएस, ई-एसी-३ किंवा कॅमेऱ्याचा कच्चा पीसीएम असेल तर व्हिडिओला हात न लावता फक्त आवाज एएसीमध्ये बदला. एका तासाच्या फाइललाही यात फारसा वेळ जात नाही, आणि चित्राचा दर्जा जसाच्या तसा राहतो.

चित्र उलटं आलं, किंवा तळाशी हिरवी पट्टी आली.

उलटं चित्र म्हणजे दोन फिल्टरांमध्ये रंगांची देवाणघेवाण बिनसली. विंडोजचं जुनं आरजीबी चित्र खालच्या ओळीपासून वर साठवलं जातं, वायूव्ही प्रकारचं वरून खाली. एकाने खालून दिलं, दुसऱ्याने वरून समजून घेतलं, की माणसं डोक्यावर उभी. कन्व्हर्टरमधला "फ्लिप" लावून वेळ निभावता येते. पण मधला रंग बदलणारा फिल्टर काढणं हाच इलाज.

हिरव्या पट्टीची गोष्ट वेगळी. एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ चे तुकडे करतो. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून आत १०८८ ओळी साठवल्या जातात आणि "वरच्या १०८० च दाखवा" अशी सूचना सोबत असते. जुना डीकोडर ती सूचना दुर्लक्षितो आणि उरलेल्या ८ ओळी हिरव्या किंवा करड्या दिसतात. डीकोडर बदला. कडा कापून पट्टी लपवू नका, कारण पुढच्या फाइलला तीच अडचण येईल.

आयफोनचा व्हिडिओ विंडोजवर उघडत नाही, कन्व्हर्ट केला तर फिकट दिसतो.

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतो. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एक्स्टेंशन लागतं. हँडब्रेक किंवा व्हीएलसीला ते लागत नाही, त्यामुळे फक्त कन्व्हर्ट करायचं असेल तर विकत घेऊ नका.

फिकटपणाचं कारण एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणारं चित्र. आयफोन १२ पासूनचे फोन १० बिट एचडीआर चित्र काढतात. ते साध्या ८ बिट चित्रात आणताना उजेडाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. एफएफएमपेगमध्ये झेडस्केल आणि टोनमॅप हे फिल्टर त्यासाठीच आहेत. ते न लावता नुसतं ८ बिट केलं की नवरीचा लाल शालूही धुतल्यासारखा दिसतो. पुढच्या शूटिंगपुरता सोपा मार्ग: फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे एचडीआर बंद, आणि फॉरमॅट्समध्ये "मोस्ट कम्पॅटिबल".

फिकटपणा एचडीआर नसतानाही येतो. तेव्हा घोळ रेंजचा असतो. व्हिडिओत काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, कॉम्प्युटरच्या चित्रात ० आणि २५५ वर. दोन फिल्टरांनी वेगवेगळं धरलं की चित्र एकतर धुरकट होतं, नाहीतर सावल्या काळ्याकुट्ट.

जुन्या कॅसेटच्या चित्रात हालचालीच्या वेळी आडव्या दातेरी रेषा येतात. फिल्टर लावले तर आणखी बिघडतं.

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, कारण इथे एकदा चुकलेलं काम बहुधा कायमचं चुकतं. कन्व्हर्ट करून मूळ फाइल पुसली जाते, आणि कॅसेटला दरवर्षी बुरशी चढतच असते.

भारतात पाल पद्धत होती: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकात सम ओळी आणि दुसऱ्यात विषम. दोन्ही वेगळ्या क्षणांची असल्यामुळे हलणाऱ्या हाताला दाते फुटतात. ते काढणं म्हणजे डीइंटरलेस करणं.

आता फिल्टरांचा क्रम. डीइंटरलेस नेहमी आकार बदलण्याच्या आधी. आधी आकार बदलला तर सम आणि विषम ओळी एकमेकींत मिसळतात, आणि मग कोणताही फिल्टर त्यांना पुन्हा वेगळं करू शकत नाही. त्यानंतर कडा कापणं, मग खरखर कमी करणं, मग आकार बदलणं, आणि तीक्ष्ण करायचंच असेल तर सगळ्यात शेवटी. आधी तीक्ष्ण करून मग खरखर काढणं म्हणजे व्हीएचएसची खरखर ठसठशीत करून मग तिच्याशी लढत बसणं.

फील्डचा क्रमही तपासा. मिनीडीव्ही टेपमध्ये खालचं फील्ड आधी असतं, डीव्हीडीत बहुतेकदा वरचं. तो उलटा धरला तर चित्र एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे असं थरथरतं. तपासायला वरातीत नाचणाऱ्यांचा किंवा अक्षता पडतानाचा वीस सेकंदांचा तुकडा घ्या. स्तब्ध बसलेल्या पाहुण्यांवर ही चूक दिसतच नाही.

याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर दोन्ही फील्डांपासून ५० पूर्ण फ्रेम काढू शकतात. मी तेच सुचवतो. नाचाची हालचाल जशी कॅसेटवर होती तशी सळसळती राहते. २५ फ्रेम काढल्या तर निम्मी हालचाल फेकली जाते.

आणखी एक: डीइंटरलेस एकदाच. डीकोडरमध्ये चालू, कॅप्चर कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू आणि कन्व्हर्टरमध्येही चालू, असं असेल तर चित्र मऊ पडतं. दोन ठिकाणी बंद करा. आणि शक्य असेल तर मूळ डीव्ही फाइल जपा. तासाला साधारण १३ जीबी लागतात, पण हार्ड डिस्क पुन्हा मिळते, आजीचा आवाज असलेली कॅसेट मिळत नाही.

एफएफएमपेग फिल्टरच्या नावाने एरर देतो. अर्थ काय?

"फिल्टरिंग अँड स्ट्रीमकॉपी कॅनॉट बी यूज्ड टुगेदर" : तुम्ही व्हिडिओ कॉपी करायला सांगितलाय आणि त्याच वेळी फिल्टरही लावलाय. कॉपी म्हणजे चित्र न उलगडता उचलणं. न उलगडलेल्या चित्रावर फिल्टर चालत नाही. दोहोंपैकी एक निवडा.

"हाइट नॉट डिव्हिजिबल बाय टू" : कडा कापताना उंची विषम आली. नेहमीच्या ४:२:० चित्रात रंगाची माहिती दोन ओळींना मिळून एक असते, म्हणून लांबी-उंची सम हवी. स्केल फिल्टरमध्ये एका बाजूला वजा दोन दिलं की तो स्वतःच जवळची सम संख्या घेतो.

"इम्पॉसिबल टू कन्व्हर्ट बिटवीन द फॉरमॅट्स" : ग्राफिक्स कार्डवर डीकोडिंग चालू आहे, चित्र कार्डाच्या मेमरीत आहे, आणि फिल्टर मात्र प्रोसेसरवर चालणारा. त्याच्या हाती चित्र पोचतच नाही. एचडब्ल्यूडाउनलोड फिल्टरने चित्र खाली आणा आणि पुढे फॉरमॅट एनव्ही१२ द्या, किंवा कार्डावरच चालणारा स्केल वापरा. जुन्या कॅसेटच्या कामात हार्डवेअर डीकोडिंग सरळ बंद ठेवा. एवढ्या लहान चित्राला त्याची गरज नाही.

मराठी सबटायटल्स चित्रावर उमटवली की जोडाक्षरं फुटतात.

तीन कारणं असू शकतात आणि तिन्हींचं रूप वेगळं दिसतं.

"विठ्ठल" मधली वेलांटी "व" च्या नंतर येते, "ज्ञानेश्वर" मध्ये हलन्त उघडा पडतो: फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवणारा भाग नाही. एफएफएमपेग आणि हँडब्रेक सबटायटल काढायला लिबास वापरतात. त्याला देवनागरी जुळवायला हार्फबझची साथ लागते. जुन्या किंवा तुटपुंज्या बिल्डमध्ये ती नसते. नवी आवृत्ती घ्या.

अक्षरांऐवजी चौकोन: निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. निर्मला यूआय विंडोजमध्ये असतोच. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी मोफत मिळतात.

मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी: मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे. तिथे "क" हा खरा "क" नसतो, रोमन अक्षरावर चढवलेलं चित्र असतं. आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करा, मग नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडून सेव्ह करा. प्रत्येक वेळी "तऱ्हा", "किल्ल्यावर", "ज्ञानेश्वर", "विठ्ठल" हे चार शब्द टाकून एक मिनिटाचा नमुना काढून पाहा. हे नीट आले तर बाकी सगळं नीट येतं.

सबटायटल उमटवणं हे फिल्टरांच्या रांगेत शेवटी ठेवा, आकार बदलून झाल्यावर. आणि फाइलचा पत्ता देताना जपा: एफएफएमपेगच्या सबटायटल फिल्टरला ड्राइव्हच्या नावापुढचा विसर्गासारखा कोलन अडतो, कारण त्याच्या भाषेत तो पर्याय वेगळे करण्याची खूण आहे. व्हिडिओ आणि एसआरटी एकाच फोल्डरात ठेवून तिथूनच कमांड चालवली की हा त्रास टळतो. जुन्या कन्व्हर्टरना देवनागरीत लिहिलेलं फाइलचं नावही वाचता येत नाही, ते नुसती प्रश्नचिन्हं दाखवतात. काम होईपर्यंत नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवा.

पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ टीव्हीवर लागत नाही.

एच.२६४, ८ बिट, ४:२:०, आवाज एएसी, कंटेनर एमपी४: हे बहुतेक टीव्ही घेतात. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट३२ पेन ड्राइव्हवर बसत नाही. एक्सफॅट करा, आणि टीव्ही ते वाचत नसेल तर फाइलचे भाग करा.

सीसीटीव्हीच्या फाइलसाठी वेगळा कोडेक लागतो का?

आत बहुधा साधं एच.२६४ किंवा एच.२६५ च असतं, बाहेरचं वेष्टन कंपनीचं स्वतःचं. एफएफएमपेगला त्यातली काही वेष्टनं उलगडता येतात. पण फुटेज पोलिसांना किंवा कोर्टात द्यायचं असेल, तर डीव्हीआरमधून (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून) निघालेली मूळ फाइल जशीच्या तशी जपा आणि कन्व्हर्ट केलेली फक्त पाहण्यासाठी वापरा.

एका वेबसाइटने व्हिडिओ पाहण्यासाठी "हा कोडेक डाउनलोड करा" असं सांगितलं.

बंद करा ते पान. कोडेकच्या नावाखाली व्हायरस पसरवणं फार जुनं आहे. झ्लॉब नावाचा ट्रोजन २००५-०६ च्या सुमारास असाच पसरला. आजच्या ब्राउझरला व्हिडिओ दाखवायला बाहेरचा कोडेक लागत नाही.

एवढं करूनही सुटलं नाही, तर मदत मागताना काय सांगू?

"व्हिडिओ चालत नाही" एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. मीडियाइन्फोचा टेक्स्ट व्ह्यू पूर्ण कॉपी करा. कन्व्हर्टरचं नाव, आवृत्ती, ३२ की ६४ बिट. लावलेले फिल्टर, ज्या क्रमाने लावले त्या क्रमाने. एररचा मजकूर जसाच्या तसा. फोटो काढला तर शेवटची ओळ दिसेल असा. हँडब्रेक असेल तर त्याचा अ‍ॅक्टिव्हिटी लॉग. आणि मूळ फाइलमधला वीस-तीस सेकंदांचा तुकडा, कन्व्हर्ट न करता कापलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो वाटेतच पुन्हा एन्कोड होतो आणि तपासायला काही उरत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या.